दादाजी कोंडदेव यांची सुभेदारी : कठोरपणाची साक्ष कोणाची?

इ. स. १६४७ मध्यें दादाजी कोंडदेव वारले आणि शहाजीराजांच्या पुणें प्रांतांतील मोकाशाचा कारभार सतरा वर्षांच्या शिवाजीराजांच्या हातीं आला. त्या वेळीं निरनिराळ्या ठाण्यांनीं निरनिराळी वर्तणूक केली. चाकणच्या फिरंगोजी नरसाळ्यास वळवून घ्यावें लागलें. कोंडाणा युक्तीनें घ्यावा लागला. सुप्याचे संभाजी मोहिते हे राजांचे सापत्न मामा. शहाजीराजांच्या हुकुमावांचून ते कांहींच देईनात, तेव्हां त्यांस अकस्मात् धरावें लागलें. (ग्रँट डफ ही सुप्याची गोष्ट दादाजींच्या मृत्यूस लागूनच सांगतो, जेधे शकावली ती शके १५७८ त, म्हणजे १६५६ त टाकते. आम्ही शकावलीच्या बाजूचे आहों.) परंतु भीमा व नीरा यांच्या मधले बारामती आणि इंदापूर हे दोन महाल मात्र कांहीं कुरबूर न करितां नव्या धन्याच्या स्वाधीन झाले. तेथील अंमलदार दादाजींकडे वसूल भरीत होते, तसाच तो पुढें राजांकडे भरूं लागले. ग्रँट डफनें आपल्या १८२६ च्या इतिहासांत ही गोष्ट जातां जातां सांगितली आहे, आणि पुढील ग्रंथकारांनीं ती तशीच उचलली. तिचा अर्थ काय, हें विचारण्याच्या भरीस फारसें कोणी पडलें नाहीं.

आमच्या मतें दादाजींविषयीं जो वाद आज इतकीं वर्षें चालला आहे, त्याची किल्ली या दोन महालांच्या मुकाट्यांत आहे. एखाद्या कडक सुभेदाराच्या मृत्यूनंतर त्याच्या ताब्यांतील मुलूख शांत राहतो, याचीं कारणें दोनच संभवतात. एक, लोक इतके धास्तावलेले असतात कीं मेल्या माणसाचाही धाक उरतो. दुसरें, त्याच्या कडकपणाचा मारा लोकांवर नसून दुसऱ्याच कोणावर असतो. यांपैकीं कोणतें खरें, हें ठरविण्यासाठीं प्रथम दादाजी कोण होते तें पाहिलें पाहिजे.

समकालीन कागदांत त्यांचें नांव ‘दादाजी’ असें येतें. ‘दादोजी’ हें रूप मागाहूनच्या बखरींचें व शाळेच्या पुस्तकांचें. ज्या संग्राहकांजवळ त्या काळाचे म्हणून सांगितले जाणारे कागद आहेत, त्यांनीं एवढा एक भेद जरी ध्यानांत ठेविला, तरी पुष्कळ बनावट महजर आपोआप बाजूला पडतील. घराणें मलठणच्या कुलकर्ण्यांचें. हुद्दा किल्ले कोंडाण्याच्या सुभेदारीचा, म्हणजे विजापूरच्या आदिलशाहीचा. आणि त्याच वेळीं पुणें, सुपें, इंदापूर या बाजूच्या शहाजीराजांच्या मोकाशाची पाहणीही त्यांच्याकडेच. एकाच पुरुषाच्या हातीं बादशाही सुभा व सरदाराचा मोकासा, ही गोष्ट आजच्या वाचकास चमत्कारिक वाटते. त्या काळीं ती तशी नव्हती. मात्र तींत पेंच असे. १६४४ त विजापूर दरबारचा शहाजीराजांवर रोष झाला, तेव्हांच्या कान्होजी जेध्यांस पाठविलेल्या फर्मानांत दादाजींचा उल्लेख शहाजीचा मुतालिक म्हणून आला असून, त्यांचा मोड करण्यास खंडोजी व बाजी खोपडे यांस नेमिल्याचें लिहिलें आहे. सुभेदार ज्या दरबारचा, तोच दरबार त्याच्यावर फौज धाडतो! दरबाराच्या दृष्टीनें दादाजींचें इमान कोणीकडे होतें, तें या एका फर्मानानें उघड होतें.

दादाजींच्या हातीं आलेला मुलूख कोणत्या स्थितींत होता, याचा विचार केल्यावांचून त्यांच्या कडकपणाचें माप घेतां येत नाहीं. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खनेंत मोठा दुष्काळ पडला. त्याच सुमारास विजापूरचा मुरार जगदेव पुण्यावर आला. त्यानें कसबा जाळला, वेशी-कोट पाडले, गाढवांचा नांगर फिरविला, आणि पहार ठोकून वस्ती करण्यास मनाई केली, असें पुण्याची परंपरा सांगते. यवतजवळच्या भुलेश्वराच्या डोंगरावर दौलतमंगळ नांवाचा किल्ला बांधून त्यानें या प्रांताचें ठाणें तिकडे नेलें. हाच मुरारपंत १६३३ च्या सूर्यग्रहणांत भीमा-इंद्रायणीच्या संगमावर नागरगांवीं तुळा करितो, दानें देतो, आणि त्या गांवाचें नांव तुळापूर पडतें. परांड्याची मलिक-इ-मैदान तोफ विजापुरास नेणाराही हाच. १६३५ त त्याचा धनी खवासखान मारला गेला, व मागोमाग मुरारपंताचीही विजापुरांत विटंबना होऊन वध झाला. पुण्यांत त्याच्या नांवें गाढवाचा नांगर उरला आणि तुळापुरांत तुळा उरली. एकाच अंमलदाराच्या दोन स्मृति वीस मैलांच्या आंत नांदतात, याचा कोणास विषाद वाटत नाहीं. दादाजींच्या वाट्यास मात्र एवढी मोकळीक आली नाहीं; त्यांनीं एक तर संत असावें, नाहीं तर अगदींच नसावें, असा हट्ट दोन्ही बाजूंनीं चालला आहे.

असो. मुरारपंताच्या मागून जो सुभेदार येणार, त्यास ओसाड गांवें, पळालेलीं कुळें, आणि मधल्या बेबंदशाहींत आपापल्या खोऱ्यांचे राजे होऊन बसलेले देशमुख, एवढीच पुंजी मिळावयाची होती.

आतां कठोरपणाच्या गोष्टीकडे वळूं. मावळच्या बारा खोऱ्यांतील देशमुखांस दादाजींनीं बांधून आणिलें, ऐकणाऱ्यांस कौल दिला व पुंडांस मारिलें, हा वृत्तान्त सभासदानें थोडक्यांत दिला आहे. सभासदानें राजाराममहाराजांसाठीं जिंजीस बखर लिहिली, म्हणजे गोष्ट घडून अर्धें शतक होऊन गेलें होतें; तरी तो शिवाजीमहाराजांच्या पदरचा माणूस असल्यानें त्याची साक्ष टाकाऊ नाहीं. याहून तपशिलाची हकीकत जेध्यांच्या करीन्यांत आहे. हिरडस मावळचे कृष्णाजी नाईक बांदल दादाजींस जुमानीनात. त्यांजवर मोहीम झाली, पण तींत यश आलें नाहीं. मग कान्होजी नाईक जेधे मध्यें पडले. पुढें बांदल हातीं आले, आणि दादाजींनीं त्यांचे हात तोडविले. देशमुखाचे हात तोडणें ही त्या काळींही लहान गोष्ट नव्हती. वतनदाराचा हात म्हणजे त्याच्या निशाणीचा हात. कागदावर नांगर किंवा कट्यार उमटविणारा, मजालशींत पानविडा घेणारा. तो तोडणें म्हणजे माणूस जिवंत ठेवून त्याचें वतनदारपण तोडणें होय.

ही गोष्ट क्रूर आहे, यांत वाद नाहीं. परंतु तिच्या शेजारीं दुसरा एक कागद ठेविला पाहिजे, आणि तो ठेवण्याचें धैर्य वादाच्या दोन्ही पक्षांस होत नाहीं. रांझें गांवच्या बाबाजी गुजर पाटलानें बदअमल केला, म्हणून शिवाजीराजांनीं त्यास धरून आणवून त्याचे हातपाय तोडले, हें १६४५-४६ च्या सुमाराच्या पत्रावरून सिद्ध आहे. पत्र राजांच्या नांवचें आहे. दादाजी त्या वेळीं हयात होते आणि कारभारांत होते. स्त्रियांच्या अब्रूचा कैवार म्हणून या पत्राचा गौरव शंभर वेळां झाला आहे, आणि तो योग्यच आहे. मग तीच शिक्षा, तींच वर्षें, आणि बहुधा तीच सदर असतां, एकीकडे न्याय आणि दुसरीकडे जुलूम, असे दोन शब्द कोणत्या नियमानें वापरावयाचे? गुन्ह्यांत फरक आहे, हें आम्हांस मान्य आहे. पण शिक्षेची रीत एकाच राज्यपद्धतीची होती. ती ना दादाजींनीं शोधून काढिली, ना त्यांच्या मरणानें संपली. बादशाही अंमलाच्या फौजदारींत हात तोडणें हा रूढ दंड होता, आणि वतनदारांस तो ओळखीचा होता.

तिसरी गोष्ट हाताचीच आहे, पण ती कागदाची नव्हे, कथेची आहे. शिवापुरास शहाजीराजांच्या नांवें लाविलेल्या बागेंत दादाजींनीं न कळत एक आंबा तोडला. धन्याच्या हुकुमावांचून झाडास हात लाविला, म्हणून ते स्वतःचाच हात तोडावयास निघाले. लोकांनीं आवरल्यावर त्यांनीं अंगरख्याची एक बाही आंखूड ठेविली, आणि शहाजीराजांनीं वस्त्रें पाठवून समजूत घालीपर्यंत तसाच अंगरखा वापरला. ग्रँट डफपासून मुलांच्या वाचनपुस्तकांपर्यंत ही गोष्ट गेली आहे. ती घडली कीं नाहीं, यावर आम्ही शाई खर्चूं इच्छीत नाहीं. आमचें लक्ष निराळ्या ठिकाणीं आहे. हात तोडणाऱ्या सुभेदाराविषयीं लोकांनीं कथा रचिली ती नेमकी हाताचीच रचिली, आणि तींत त्यालाच आरोपी केलें. दुसऱ्याचा हात तोडणारा स्वतःस त्याच तराजूंत घालतो, एवढें दाखविल्यावांचून ज्या कडकपणाचें समर्थन होत नाहीं, तो कडकपणा लोकांच्या स्मरणांत किती खोल रुतला असला पाहिजे! आंब्याची कथा ही दादाजींच्या सौम्यपणाचा नव्हे, तर त्यांच्या दरार्‍याचाच पुरावा आहे.

आतां पूर्वेकडे, बारामती-इंदापुराकडे येऊं. हा मुलूख मावळाहून सर्वस्वीं भिन्न. खोरीं नाहींत, जंगल नाहीं, लपावयास डोंगर नाहींत. काळी व बरड जमीन, पाऊस बेभरंवशाचा, आणि दोन नद्या नीरा-नरसिंगपुरापाशीं मिळेपर्यंतचें उघडें पठार. भोंसल्यांचा येथला संबंध जुना आहे. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईंतच पडले. अशा मुलुखांत रयतेजवळ सुभेदाराविरुद्ध शस्त्र एकच, तें म्हणजे गांव सोडणें. नदी ओलांडली कीं दुसऱ्याचा अंमल. म्हणून येथें धारा चुकला तर बंड होत नाहीं, फक्त शेतें पडीक पडतात.

याची पुढच्या काळांतील साक्ष चांगली मिळते. इंग्रजी अंमलांत प्रिंगलनें १८२८ च्या सुमारास पुणें जिल्ह्याची मोजणी करून निव्वळ उत्पन्नाच्या शेंकडा ५५ प्रमाणें आकार बसविला. तो अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून काढिलेला होता, आणि मोजणीच्या खालच्या अंमलदारांनीं तो आणखी बिघडविला. वसुलासाठीं रयतेस किती छळलें गेलें, याची कबुली मुंबई सरकारच्याच पुढील अहवालांत आहे. परिणाम असा कीं, इंदापूर तालुका ओस पडूं लागला व कुळें परमुलुखांत गेलीं. शेवटीं १८३६ त गोल्डस्मिड व विंगेट यांस इंदापुरापासूनच नवी पाहणी सुरू करावी लागली. त्यांनीं दर उतरवून तीस वर्षांचा करार केला, तेव्हां पडीक जमिनी पुन्हां लागवडीस आल्या. पुढें मुंबई इलाख्यांत जी रयतवारी चालली तिचा पहिला धडा याच तालुक्यांत गिरविला गेला. तात्पर्य, इंदापूर महाल धारा ठरविणाऱ्याची परीक्षा घेतो, आणि निकाल पडीक जमिनीच्या आंकड्यांत लिहितो.

या कसोटीस दादाजी कसे उतरतात? बखरींचें म्हणणें असें कीं, त्यांनीं मलिकंबरी धारा कायम मानिला, पण तो एकदम न लादतां चढत्या इस्ताव्यानें, म्हणजे पहिल्या वर्षीं नांवाला, मग दर साल थोडा थोडा वाढवून, कांहीं वर्षांनीं पुऱ्या आकारावर आणिला. रानटी जनावरांचा उपद्रव झालेल्या भागांत लांडगे मारणाऱ्यास बक्षिसें लाविलीं, व डोंगरांतील लोकांस शेतीस लाविलें. इस्तावा ही रीत दादाजींची नव्हे. ती दख्खनेंत जुनी आहे, आणि पेशवाईअखेरपर्यंत कौलनाम्यांतून दिसते. दादाजींचें श्रेय एवढेंच कीं, दुष्काळ व जाळपोळ यांनंतर तिजोरी भरण्याची घाई त्यांनीं केली नाहीं. प्रिंगलनें जें केलें नाहीं तें दोनशें वर्षें आधीं एका मलठणच्या कुलकर्ण्यास कळत होतें. आणि मग १६४७ त या दोन महालांनीं कुरबूर कां केली नाहीं, याचा उलगडा धाक या एका शब्दानें होत नाहीं. धाकच असता, तर तो घालणारा गेल्यावर वसूल आधीं थांबला असता.

येथें दूरच्या देशांतील एक उदाहरण उपयोगीं पडेल. उमय्या खलिफांच्या वतीनें ६९४ पासून ७१४ पर्यंत इराकाचा सुभा चालविणारा हज्जाज बिन युसुफ हा इस्लामी इतिहासांतील सर्वांत कुप्रसिद्ध सुभेदार. मूळचा ताइफचा शिक्षक. मक्केस वेढा घालून अब्दुल्ला बिन झुबैरचा पाडाव त्यानें केला. इराकांतील बंडें रक्तपातानें मोडिलीं. त्याचबरोबर त्यानें वासित नगर वसविलें, कालवे दुरुस्त केले, सरकारी दप्तर फारसींतून अरबींत आणविलें, नवीं अरबी नाणीं चालविलीं, आणि सिंधवर महंमद बिन कासिमास धाडणाराही तोच. परंतु त्याच्याविषयीं आपण जें वाचतों तें बहुतेक बलाझुरी, तबरी इत्यादिकांच्या ग्रंथांतून, आणि हे ग्रंथ उमय्यांस बुडवून आलेल्या अब्बासींच्या राज्यांत, दीडदोनशें वर्षांनीं सिद्ध झाले. वैऱ्यांच्या राज्यांत लिहिलेला इतिहास तो. तरी एक गोष्ट नोंदण्याजोगी आहे. नवमुसलमान शेतकरी गांवें सोडून शहरांत शिरले, तेव्हां वसूल बुडूं नये म्हणून हज्जाजानें त्यांस परत गांवीं हांकलिलें, आणि त्यांच्या हातांवर गांवाचें नांव डागविलें, असें ते ग्रंथकार सांगतात. तेथें सुभेदाराची कठोरता थेट नांगरधाऱ्याच्या हातावर उमटली. येथें, मिळणाऱ्या पुराव्यावरून, ती देशमुखाच्या हातावर उमटली. कठोर हें विशेषण दोघांस लागतें. पण हात कोणाचा, हा प्रश्न विचारला कीं दोघे एका ओळींत बसत नाहींत.

साक्षीच्या बाबतींत तर दोन्हीकडची रीत उलटी आहे. हज्जाजाचा इतिहास वैऱ्यांनीं लिहिला. दादाजींचा प्रथम स्नेह्यांनीं लिहिला. चिटणिसी व त्यानंतरच्या बखरी दरबारी लेखकांच्या हातच्या. कारकुनानें उत्तम कारकुनाची थोरवी गावी यांत नवल नाहीं. मुतालिकाचा शिक्षक झाला, शिक्षकाचा गुरु झाला, आणि शेवटीं गुरूच्या मागें शिष्य लहान दिसूं लागला. परमानंदाचें शिवभारत महाराजांच्या हयातींतलें. तें तंजावरच्या पोथीवरून १९२७ त छापून निघालें, आणि त्यांत अशा गुरूचें चित्र नाहीं, हें तेव्हांच जाणत्यांच्या ध्यानांत यावयास हवें होतें. तें आलें नाहीं, व त्याची प्रतिक्रिया पुढें तितक्याच जोरानें झाली. डिसेंबर २०१० मध्यें पुण्याच्या लाल महालांतील समूहशिल्पांतून दादाजींचा पुतळा महानगरपालिकेनें काढून टाकिला. एका पक्षानें तो अपमान मानिला, दुसऱ्यानें न्याय मानिला. वाद जातीच्या अंगानें गेला, आणि सुभेदार बाजूलाच राहिला. गुरुपदाचा पुरावा दुबळा आहे, हें आम्ही मोकळेपणानें म्हणतों. पण गुरुपद गेलें म्हणून सुभेदारी जात नाहीं. महजरांतील नांव पुतळ्याबरोबर उपटून निघत नसतें.

राहतां राहिला बांदल प्रकरणाच्या साक्षीचा प्रश्न. ही हकीकत जेध्यांच्या करीन्यांतून आली, आणि करीना म्हणजे वतनाच्या हक्कासाठीं मांडलेली घराण्याची कैफियत. तींत कान्होजींची मध्यस्थी ठळक होणें आणि शेजारच्या बांदलांची पुंडाई ठळक होणें, हें ओघानेंच आलें. आम्ही करीना खोटा म्हणत नाहीं. त्यांतील मुख्य गोष्ट सभासदाच्या मोघम विधानाशीं जुळते. परंतु सुभेदाराचे घाव ज्यांनीं सोसले वा पाहिले, त्या देशमुखांच्या घरीं दप्तर होतें, लिहिणारा होता, आणि पुढें तीनशें वर्षें कागद जपण्याचें कारणही होतें. इस्ताव्यानें ज्याचा धारा हलका झाला त्या इंदापूरच्या कुणब्याच्या घरीं यांपैकीं कांहींच नव्हतें. त्याची साक्ष पाहावयाची तर ती करीन्यांत सांपडावयाची नाहीं; गांवच्या कुलकर्ण्याच्या लावणीपत्रकांत, कौलनाम्यांत, ठिकेवार जमिनीच्या यादींत ती शोधली पाहिजे. असले कागद दिसावयास सामान्य असतात, त्यांवर मोठ्यांचे शिक्के नसतात, आणि म्हणून बाजारांतही त्यांस किंमत येत नाहीं.

इंदापूर, बारामती, सुपें, पाटस या बाजूचे जुने रुमाल ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं शुहूर सन १०३७ ते १०४७ या दहा वर्षांचे कागद प्रथम वेगळे काढावे. महजर असल्यास हाजिर मजालशींत काजी, देशमुख, देशपांडे, शेटे-महाजन व बलुते यांच्या निशाण्या कोणत्या क्रमानें आहेत, आणि सुभेदाराचें नांव दादाजी आहे कीं दादोजी, हें पाहावें. कौल असल्यास पहिल्या सालचा आकार आणि शेवटच्या सालचा आकार एवढे दोनच आंकडे उतरून घेतले तरी पुरे.